ऑखनॅरीचं गोल घर

ऑखनॅरी, आंगस
१४ फेब्रुवारी २०१९

ग्रेम,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव.

'डुकरांचं खुराडं.' तुझ्या सहीच्या पत्रात हे शब्द आहेत. काल क्रेग मॅकफी ते पत्र घेऊन माझ्या स्वयंपाकघरात उभा होता. "मागच्या चौकातलं गोल बांधकाम हे आमच्या आजोबांनी १९३१ साली विटांनी बांधलेलं डुकरांचं खुराडं आहे. त्याला जुनेपणाचं काही महत्त्व नाही. ते पाडायला माझी हरकत नाही." तीन वाक्यं. पहिली दोन धडधडीत खोटी आणि तिसरं लाजिरवाणं.

क्रेग तुला माहीत असायचं कारण नाही. तू गेलास तेव्हा तो जन्मलाही नव्हता. चौथीला माझ्या वर्गात होता. तेव्हाही दुसऱ्याची वही पुढे करून आपलं उत्तर दाखवायचा. आता तो जुनी शेतावरची बांधकामं घेतो आणि त्यांची सुट्टीची घरं करतो. तुझ्या चौकात सहा होतील म्हणे. कोठारात दोन, गाडीखान्यात तीन, गड्यांच्या खोलीत एक. आणि गोल घराच्या जागी मोटारी उभ्या राहणार.

"बाई," तो म्हणाला, "मालकच लिहून देतोय. तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुमच्या राहत्या घराला कोण हात लावतंय?"

"आधी पाय पूस, क्रेग," मी म्हणाले. "मग बोल."

त्याने पाय पुसले. बोलला मात्र तेच.

आता ऐक. तू विसरल्याचं सोंग करतो आहेस म्हणून सांगते, एरवी तुला सांगायची गरज नव्हती. आजोबांनी तिथे फक्त विटा लावल्या. त्याआधी ते आठ दगडी खांबांवर उभं होतं आणि खांबांमधली जागा मोकळी होती, घोड्यांचा घाम वाऱ्याने सुकावा म्हणून. चार घोडे आत गोल फिरायचे, डोक्यावरची तुळई फिरायची, आणि भिंतीच्या भोकातून गेलेला दांडा पलीकडच्या कोठारात मळणीचं यंत्र फिरवायचा. १९३१ साली आजोबांनी तेलाचं इंजिन आणलं, घोडे काढले, खांबांमधल्या फटी विटांनी बुजवल्या आणि आत डुकरं सोडली. म्हणून ते डुकरांचं खुराडं होत नाही. उद्या कुणी आपल्या चर्चमध्ये बटाटे साठवले तर त्याला तू बटाट्यांचं गोदाम म्हणशील का?

बाबांनी राहतं घर मला दिलं, मागचा चौक तुला. चौक विकायचा तुला हक्क आहे. खोटं लिहायचा नाही. ज्या घराच्या दारावर १७१४ चा लग्नाचा दगड आहे, नवरानवरीच्या नावांची अक्षरं आणि मध्ये हृदय कोरलेला, त्या घरातल्या मुलाने आपल्याच बांधकामाबद्दल असं लिहून द्यावं!

जुन्या इमारतींची यादी ठेवणाऱ्या खात्याची बाई मार्चमध्ये एडिनबराहून तपासणीला येणार आहे. यादीत नाव चढलं तर गोल घराला कुणी हात लावू शकणार नाही. नाही चढलं तर जूनमध्ये ते पडेल. तेव्हा पत्र मागे घे.

आणि १९७४ चा विषय काढू नकोस. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

इशबेल


११ मार्च

ग्रेम,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी.

"इश, दगड काय सांगतात ते १९७४ साली तू ठरवलंस. आता माझी पाळी. मी खोटं लिहिलंय तर सिद्ध कर. कसं करायचं ते तुला चांगलं माहीत आहे."

इतक्या वर्षांनी न्यूझीलंडहून भावाचं पत्र येतं आणि त्यात 'कशी आहेस' एवढंही नाही. मीही विचारलं नव्हतं, हे खरं. पण मी मोठी आहे.

ती खात्याची बाई गुरुवारी येऊन गेली. शोना रे नाव. तिशीची असेल. गुडघ्यापर्यंत बूट, कपाळावर दिवा. शेजारची नॅन पिरी सकाळपासूनच ओटकेकचा डबा घेऊन येऊन बसली होती. "तुला आधार द्यायला आले," म्हणाली. आली होती बघायला.

शोना रे हिने माझा चहा नाकारला आणि थेट गोल घरात शिरली. मला ते आवडलं नाही, पण काम तिला येतं. कोठाराच्या भिंतीतलं दांड्याचं भोक तिने पहिल्या पाच मिनिटांत शोधलं. मग फावडं मागितलं, आणि डुकरांच्या वेळची घाण खरवडून खालची फरसबंदी उघडी केली. त्यात खुरांनी झिजलेला गोल पट्टा आहे, ग्रेम. बशीच्या कडेसारखा. शंभर वर्षं चार घोडे तिथून चालले. तुझ्या पत्राची प्रत तिच्या फाईलमध्ये होती. तिने ती वाचली, पट्ट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या आजोबांची डुकरं भलतीच शिस्तीची असणार. रांगेने गोल फिरायची."

नॅन इतकी हसली की तिला ठसका लागला.

पण एवढ्याने भागत नाही. घोड्यांच्या मळणीची घरं या भागात पुष्कळ होती. बहुतेकांत पुढे फेरफार झाले, आपल्याही झाले आहेत. यादीसाठी काळ नक्की हवा. मालक लिहून देतो १९३१ आणि दुसरीकडे नुसता अंदाज, असं चालत नाही. म्हणून ती खांबांचा एकेक दगड तपासत बसली. तिसऱ्या खांबाच्या बुडाशी आली आणि थांबली.

"ही होडी आहे का?" तिने विचारलं.

दगडावर काहीतरी कोरलेलं होतं. मी ते लहानपणापासून पाहत आले आहे. तूही.

"उलटी होडी," नॅन म्हणाली.

शोना रे जमिनीवर बसली, मान पार वाकडी करून बघत राहिली. "दगड उलटा बसवलाय," ती म्हणाली. "होडी नाही ही. धोटा आहे. विणकराचा धोटा."

मग तिने तो मोजला आणि मला न विचारता घराच्या पुढच्या दाराशी गेली. शिडी मागितली. आपला दगड तिने हातांनी चाचपला. उजवीकडे तो एम. बी. च्या बी पाशी एकदम तुटतो, कडेला बोटभरही जागा नाही. डावीकडे खडबडीत वर्तुळ आहे.

"ते दंवाने उडालंय," मी म्हणाले. सगळ्यांना मी हेच सांगत आले आहे.

"दंव छिन्नीच्या रेघा ओढत नाही, मिस गेडिस."

मी तिच्या आईच्या वयाची आहे. माझ्याच दारात, माझ्याच शिडीवर उभी राहून ती मला हे सांगत होती. मी तिला तसं बोलूनही दाखवलं. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. ती खाली उतरली आणि म्हणाली, "हा दगड या दारासाठी घडवलेला नाही. कुणा विणकराच्या दारावरून आणलाय. दोन्ही टोकांना धोटे होते. डावा छिन्नीने उडवला, उजवा तोडून तिकडे खांबात घातला. तुटलेल्या कडा जुळतात. म्हणजे तुमचं घर आणि ते गोल घर एकाच हाताने, एकाच वेळी बांधलं. कधी, ते सांगणारा एखादा कागद असता तर आज माझं काम झालं असतं. जमीनदाराचा करार, जुना नकाशा, काहीही. आहे का तुमच्याकडे?"

"नाही," मी म्हणाले.

नॅनने माझ्याकडे पाहिलं. शाळेपासूनची ओळख आहे आमची. उठली, डब्याला झाकण लावलं आणि ओटकेक घेऊन घरी गेली.

तुझ्या पत्रापायी हा प्रसंग माझ्यावर आला. हे तू लक्षात ठेवावंस.

इशबेल


२४ मार्च

ग्रेम,

हे पत्र मी तीनदा फाडलं. हे फाडणार नाही.

कागद आहे. तुला माहीत आहे की तो आहे. तू ते पत्र लिहिलंस ते यासाठीच. तुला खोटं पाडायचं तर मला तो बाहेर काढावा लागेल, आणि तो बाहेर आला की मीही खोटी पडते. हे तू तिकडे न्यूझीलंडमध्ये बसून नीट जुळवलंस. शाळेत गणितात कधी इतकं डोकं चालवलं नव्हतंस.

१९७२ साली, अ‍ॅबर्डीनला माझं शेवटचं वर्ष होतं. प्रबंधासाठी मी जमीनदाराची जुनी कागदपत्रं वाचत होते. त्यात १८११ चा करार निघाला. मी तो अक्षरन् अक्षर उतरवला आणि दप्तरखान्याचा शिक्का मारून घेतला. नव्या कुळाचं नाव जेम्स गेडिस. अट अशी: 'सदर कुळाने वरच्या ओढ्यावरची विणकरांची सात घरं येत्या मे महिन्याच्या मुदतीआधी पाडावीत आणि त्यांचा दगड राहतं घर, कोठार व घोड्यांच्या मळणीचं घर बांधण्याकरिता वापरावा.' खाली सात घरांची नावं. तिसरं नाव गॉल्ड. शंभर वर्षं त्याच घरात राहिलेले, म्हणून नोंद आहे.

मग चर्चच्या नोंदवहीत पाहिलं. १७१४, जॉन गॉल्ड, विणकर, आणि मार्जरी बेन यांचं लग्न. जे. जी. आणि एम. बी. गेडिस या नावाचं इथे तेव्हा कुणीच नव्हतं.

गावाच्या इतिहासावर मी लिहिलेली पुस्तिका तू पाहिली नसशील. गावच्या दालनात ठेवलेली असते. तीत मी लिहिलं आहे: 'जॉन गेडिस आणि त्याची वधू, बहुधा मार्गारेट.' बहुधा! मुलांनी निबंधात 'बहुधा' लिहिलं तर मी लाल रेघ मारायचे.

कागद तुला मीच दाखवला. १९७४ च्या ईस्टरच्या सुट्टीत, गाडीखान्यात. तू आधी हसलास. मग ओढ्यावर जाऊन आलास आणि हसणं संपलं. तिथे चुलींचे दगड अजून गवतात दिसतात म्हणालास. "बाबांना सांगायला हवं, इश." मी म्हणाले, सांगायचं तर सांग. अडवलं नाही, आणि बरोबरही आले नाही.

रविवार होता. चर्चहून येऊन आपण जेवायला बसलो होतो. तू सांगितलंस, आणि बाबांनी पळी खाली ठेवली. तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. मला विचारलं.

"इशबेल, तू कॉलेजात शिकलीस. असा कागद आहे?"

"नाही, बाबा. ग्रेमची काहीतरी थट्टा चाललीय."

तू बाबांकडे पाहिलं नाहीस, माझ्याकडे पाहिलंस. बाबा म्हणाले, "माझ्या अन्नावर बसून माझ्या वाडवडलांना चोर म्हणणाऱ्याने उठावं." तू उठलास. आई म्हणाली, "अरे, सूप तरी संपव." तीन आठवड्यांत तू देशाबाहेर होतास. एकोणीस वर्षांचा.

मी स्वतःला सांगत आले की बाबांचं काळीज कमजोर होतं, त्यांना धक्का बसला असता. बाबांचं काळीज ठणठणीत होतं. त्यानंतर एकोणीस वर्षं जगले. खरं सांगायचं तर मला त्या दारातून आपलं म्हणून आत-बाहेर करायचं होतं. कॉलेज झालेली, गावात शिकवणारी, जिच्या दारावर १७१४ आहे अशी. तीस वर्षं चौथीचा प्रत्येक वर्ग मी त्या दगडाखाली उभा केला आणि त्याचं चित्र काढायला लावलं.

हे झालं माझं. आता तुझं.

यामुळे तू बरोबर ठरत नाहीस. माझ्यावर राग होता तर मला लिहायचंस, माझं नाव घेऊन लिहायचंस. त्या गोल घराने तुझं काय वाईट केलं होतं? सात घरांचा दगड आहे त्या खांबांत. गॉल्डच्या दाराचा तुकडा आहे. ओढ्यावर जाऊन आल्यावर ज्याचं हसणं संपलं होतं, तो माणूस आज सही करतो आहे की पाडा, मोटारी लावा! १८११ साली आपल्या माणसाने ती घरं पाडली, पण हुकूम जमीनदाराचा होता. या वेळी हुकूम गेडिसचा आहे. मालक म्हणून. तुझा.

एप्रिलच्या दहा तारखेला गावच्या दालनात सुनावणी आहे. मी कागद घेऊन जाणार आहे. तुझ्या उत्तराची वाट न पाहता.

इशबेल


१२ एप्रिल

ग्रेम,

दालन भरलं होतं. पाऊस होता, कोकरांच्या जन्माचे दिवस होते, तरी लोक आले. शोना रे टेबलापाशी, क्रेग पहिल्या रांगेत नवा कोट घालून. मी उभी राहून करार वाचला. सगळा, सात नावांसकट. मग नोंदवहीतली ओळ वाचली. मग म्हणाले, "माझ्या पुस्तिकेत या दगडाबद्दल जे छापलं आहे ते खरं नाही. ती मी आज इथून काढून घेते."

मग क्रेग उठला.

"बाई, चौथीत मी त्या दगडाचं चित्र काढलं होतं. तुम्ही मला दहापैकी सात दिलेत. हृदय वाकडं आलं म्हणून."

"दगडावरचं हृदय वाकडंच आहे, क्रेग. तुझं बरोबर होतं."

"मग माझे तीन मार्क?"

"गोल घर सोड, देते."

लोक हसले. क्रेगही हसला, पण खाली बसला नाही. "कागदावर शिक्का बहात्तर सालचा आहे," तो म्हणाला. वकिली त्याला येते. "इतकी वर्षं कुठे होता?"

"माझ्या पेटीत."

"आणि त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि आम्हाला शिकवत होतात ते?"

"खोटं शिकवत होते."

यावर कुणी हसलं नाही. मागच्या रांगेत डेव्हिना लो होती, माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, आता स्वतः शाळेत शिकवते. तिने मान खाली घातली. ते मला क्रेगच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा कठीण गेलं. शेवटी नॅन पिरी मोठ्याने म्हणाली, "झालं ना आता? चहा निवतोय," आणि लोक उठले. माझ्यासाठी कप तिनेच आणला. साखर घातली होती. मी साखर घेत नाही, हे ती साठ वर्षं जाणते. मी प्यायले.

शोना रे मला बाहेर भेटली. करार पक्का आहे, म्हणाली. त्यात मळणीच्या घराचा शब्दच आहे, आणि दगडाच्या कडा जुळतात. पण मालकाचं उलटं पत्र फाईलमध्ये आहे. ते तसंच राहिलं तर क्रेगचा वकील त्यावर वर्षभर भांडेल. आणि तेवढ्या वेळात छप्पर आपोआप खाली येईल, कुणालाही पाडावं लागणार नाही. छपराचं खरं आहे, ग्रेम. वरच्या दगडी पाट्या या हिवाळ्यात दोन ठिकाणी सुटल्या आहेत.

मी जे करायचं ते केलं. गावात आता मला बघून लोक बोलणं थांबवतात. थांबवू देत. मला तुझी कीव नको आणि शाबासकीही नको. मला तुझं पत्र मागे घेतलेलं हवं आहे.

इशबेल


२१ मे

ग्रेम,

काल निर्णय आला. गोल घर यादीत चढलं. घर आणि कोठारही त्याच नोंदीत आहेत. नोंदीतलं पहिलं वाक्य असं: 'सन १८११-१२, वरच्या ओढ्यावरील विणकर-वस्तीच्या दगडांतून.' क्रेगला नकाशे नव्याने काढावे लागतील. मोटारी रस्त्याच्या कडेला लागतील. काल संध्याकाळीच येऊन विचारत होता, विटा काढल्या तर खांब दिसतील ना, भाडेकरूंना आवडेल. मी म्हणाले, एकेक वीट हाताने काढायची, आणि मी खुर्ची टाकून समोर बसणार.

निर्णयाबरोबर फाईलमधल्या कागदांच्या प्रती आल्या. त्यात तुझं दुसरं पत्र आहे, मेच्या तीन तारखेचं. मला पाठवलं नाहीस. परभारे मिळालं.

"मी आधी लिहिलं ते खोटं होतं. हे बांधकाम घोड्यांच्या मळणीचं घर असून ते १८१२ च्या सुमाराचं आहे. त्याचा पुरावा माझ्या बहिणीने १९७४ साली मला स्वतः दाखवला होता."

बस. तिथे संपतं.

मी ते टेबलाशी उभ्यानेच वाचलं आणि मला इतका राग आला की चष्मा काढून ठेवावा लागला. हे काय लिहिलंस तू? वाचणाऱ्याला वाटेल, काय प्रामाणिक बहीण! कागद सापडला, तो भावाला दाखवला, आणि भाऊच खोटारडा निघाला. तू खोटं लिहिलंस ते तीन महिने, आणि तेही कबूल केलंस. मी दाखवला हे लिहिलंस. मग बाबांनी विचारलं तेव्हा मी काय म्हणाले, ते का नाही लिहिलं? तुझं सूप वाडग्यात राहिलं, ते का नाही लिहिलं? दालनात मला कुणी ते विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. मला वाटलं होतं, ते तू लिहिशील. लिहिण्याचा हक्क तुझा होता. आणि तू तो सोडून दिलास, जणू माझ्यावर उपकार!

मला अशी सूट नको आहे. अर्धं उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी पाटीवर पुन्हा लिहायला लावायचे, तुलाही लावलं असतं. पण तू पासष्टीचा आहेस आणि अर्ध्या पृथ्वीपलीकडे आहेस, म्हणून उरलेलं मीच लिहिलं. एक पान. तो रविवार, बाबांचा प्रश्न, माझं उत्तर आणि तू कोणत्या तारखेला गेलास, एवढंच. आज सकाळी ते खात्याला ईमेलने पाठवलं. शोना रे हिचा फोन आला. म्हणाली, "मिस गेडिस, इमारतीच्या नोंदीला याची गरज नाही हो."

मी तिला म्हटलं, गरज कुणाला आहे ते मला कळतं, आणि ते माझ्या भावाच्या पत्राच्या लगेच मागे लावा.

लावलं आहे.

तुझी
इशबेल